बारा फुटांची शिडी आणि अर्ज क्रमांक एक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मी सांगतो तसं बघा. तुम्ही सकाळी तुमच्याच घरात उठलात. पलंगावरून पाय खाली टाकला, तर तो जमिनीवर न पडता शिडीच्या पायरीवर पडला. ही शिडी उभी नाही, आडवी आहे. तिचं डोकं तुमच्या पलंगाखाली, अंग मधल्या खोलीभर आणि पाय स्वयंपाकघरात ओट्याखाली. दात घासायला जायचं तर नऊ पायऱ्या ओलांडायच्या. शाळेचं दप्तर कुठे? सातव्या आणि आठव्या पायरीच्या मधे. आई कुठे? चौथ्या पायरीपाशी, भाजी निवडत आणि काही न बोलता. आई काही बोलत नाही म्हणजे परिस्थिती किती गंभीर आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दिसलं? आता डोळे उघडा. मिटल्या डोळ्यांनी पुढचं वाचता यायचं नाही.

ही शिडी ज्यांनी घरात आणली त्यांना सगळी इमारत नोंदसाहेब म्हणायची. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका कार्यालयात ते बावीस वर्षं नोंदी करत होते. कुठला कागद कधी आला, कुठे गेला आणि का परत आला नाही, हे त्यांना तोंडपाठ. घरीसुद्धा दूध उतू गेलं तर ते आधी वेळ बघायचे आणि मग गॅस बंद करायचे. स्वभावानं अगदी सरळ माणूस. फक्त अपमान झाला की त्यांचा चेहरा तसाच राहायचा आणि टक्कल लाल व्हायचं.

तर एकदा वाचनालयाच्या भिंतीवर त्यांनी एक कागद पाहिला. 'स्वतःचा व्यवसाय कसा सुरू करावा आणि कसा वाढवावा. बारा शनिवारांचा अभ्यासक्रम. अर्ज करण्याची शेवटची तारीख परवा.' नोंदसाहेबांना व्यवसायाची काही फारशी ओढ नव्हती. पण शेवटची तारीख दिसली आणि अर्ज केला नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

शिकवायला होत्या एक तरुण मॅडम. त्यांनी पहिल्याच शनिवारी सांगितलं, "परीक्षा नाही. अट एकच. काहीतरी सुरू करा. तुमचा नातेवाईक नाही, शेजारी नाही, ऑफिसातला नाही, असा एक तरी परका माणूस तुमच्याकडे आपणहून दुसऱ्यांदा आला पाहिजे. पहिल्यांदा लोक भिडेखातर येतात. दुसऱ्यांदा गरज असेल तरच येतात. असा एक माणूस मिळाला की प्रमाणपत्र तुमचं."

नोंदसाहेबांनी हे लिहून घेतलं आणि 'दुसऱ्यांदा' या शब्दाखाली पट्टी ठेवून लाल रेघ मारली. मग घरी येताना त्यांनी सागवानी चौकट विकत घेतली आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगली. रिकामी. प्रमाणपत्र यायला अकरा आठवडे होते. पण जागा आधी राखून ठेवलेली बरी, असं त्यांचं मत.

"अहो, आत काहीच नाही," बायको म्हणाली.

"यायचंय."

"मग आल्यावर लावा की."

"चौकट असली की कागद येतो," नोंदसाहेब म्हणाले. त्यांच्या कार्यालयात हे खरं होतं.

येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या चौकटीकडे बघायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "कोणाचा फोटो लावताय? सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आधी लोकांना विचारा, त्यांना काय अडतं. मग वस्तू बनवा." मुलांनो, हे वाक्य फार शहाणपणाचं आहे, पण नोंदसाहेबांच्या हाती लागल्यावर त्याचं काय झालं बघा. त्यांनी एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता तयार केला. त्याच्या दोन-दोन प्रती काढल्या आणि सगळ्या इमारतीत वाटल्या. प्रश्न सतरा: आपल्या घराचे छत किती उंच आहे? प्रश्न अठरा: आपण स्वतः किती उंच आहात? प्रश्न एकोणीस: उरलेल्या अंतराचे आपण काय करता?

तिसऱ्या मजल्यावर शिवणमावशी राहायच्या. सगळ्या इमारतीचे कपडे त्याच शिवत. त्यांनी एकोणिसाव्या प्रश्नापुढे लिहिलं, 'काय करणार? बघत बसते.' पहिल्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी प्रत्येक उत्तरात सल्ला लिहिला आणि जागा पुरली नाही म्हणून पुरवणी जोडली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी छताची उंची चौदा फूट लिहिली, कारण त्यांनी जिन्यासकट मोजलं होतं.

सगळे तक्ते एकत्र करून नोंदसाहेबांनी निष्कर्ष काढला. घरोघरी दिवे जातात, पंख्यावर धूळ बसते, माळ्यावरचं सामान निघत नाही. सगळ्यांना शिडी लागते आणि शिडी एकाकडेही नाही. आपण शिडी भाड्यानं द्यायची!

इथपर्यंत त्यांचं काही चुकलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो.

शिडीच्या दुकानदारानं त्यांना घडीची शिडी दाखवली. "साहेब, ही घ्या. अर्धी होते. कुठेही न्या."

"घडी घातल्यावर हिची लांबी किती?"

"सहा फूट."

"आणि उघडल्यावर?"

"बारा."

"मग नोंदवहीत लांबी काय लिहायची?"

दुकानदारानं आजवर बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण हा प्रश्न त्याला नवा होता. नोंदसाहेबांनी सरळ, एकसंध, बारा फुटांची शिडी घेतली. तिच्या लांबीबद्दल भविष्यात कोणी वाद घालू शकत नव्हतं.

वाद जिन्यानं घातला. दोन हमाल शिडी घेऊन चढले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. वरच्या मजल्यावरची माणसं खाली येताना वाकून येऊ लागली आणि खालची माणसं वर जाताना वाकून जाऊ लागली, त्यामुळे काही वेळ सगळी इमारत एकमेकांना नमस्कार करतेय असं दिसत होतं.

सेक्रेटरी काका धावत आले. "नोंदसाहेब, जिन्यात वस्तू ठेवायला परवानगी लागते."

"ठेवलेली नाही. अडकलेली आहे."

"अडकवायलाही लागते. अर्ज करा."

अर्ज म्हटल्यावर नोंदसाहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथेच, शिडीच्या एका पायरीवर कागद ठेवून, इतका सुंदर अर्ज लिहिला की सेक्रेटरी काकांना तो नाकारणं जिवावर आलं आणि मंजूर करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी तो समितीपुढे ठेवला. समितीची सभा पुढल्या महिन्यात.

शेवटी शिडी मागे ओढून रस्त्यावर आणली, दोर बांधून बाल्कनीतून वर घेतली आणि आत सरकवली, ती थेट ओट्याखाली जाऊन थांबली. दुसरी कुठली जागाच नव्हती. थोडक्यात, घरातून ती बाहेर काढायची तर दोर आणि चार माणसं लागणार, हे नोंदसाहेबांच्या लक्षात आलं. पण त्यांनी त्यावर लगेच उपाय काढला. नियम केला: अर्ज केल्यापासून तीन दिवसांत शिडी मिळेल. रविवार धरायचा नाही.

अर्जाचा नमुना छापला. दोन रबरी शिक्के करून आणले. एक 'प्रलंबित', दुसरा 'मंजूर'. जांभळ्या शाईची पेटीही आणली.

आता त्यांच्या मुलीबद्दल सांगतो. ती नऊ वर्षांची होती आणि अंगानं इतकी लहानखुरी, की तिला सगळे छटाक म्हणायचे. बेसिनपर्यंत हात पोचत नाही म्हणून तिच्यासाठी सुताराकडून दोन पायऱ्यांचं एक लाकडी स्टूल करून घेतलं होतं. ते हलकं होतं. तिला एका हातानं उचलता यायचं.

पहिला अर्ज छटाकनं केला. तिचं बॅडमिंटनचं फूल दातांच्या डॉक्टरांच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर अडकलं होतं.

नोंदसाहेबांनी अर्ज चष्मा लावून वाचला. "अर्जदार अज्ञान आहे. पालकाची सही नाही."

"मग करा की सही, बाबा."

"मी इथे शिडीचा अधिकारी म्हणून बसलोय. अधिकाऱ्यानं स्वतःच्या मुलीच्या अर्जावर सही करणं बरं दिसत नाही."

"मग आईची घेते."

"आई शिडीवर बसून भाजी निवडते. तीही संबंधित व्यक्ती."

स्वयंपाकघरातून एक भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. नोंदसाहेबांनी अर्ज क्रमांक एकवर शिक्का मारला: प्रलंबित.

 छटाक पाय आपटत नव्हे, अगदी हळू, पायऱ्या ओलांडत निघून गेली.

दुसरा अर्ज शिवणमावशींचा. त्यांच्या मशीनवरचा दिवा गेला होता. "नोंदसाहेब, अंधारात बाही उलटी लागतेय हो. आजच्या आज द्या."

"तिसऱ्या दिवशी," नोंदसाहेब नम्रपणे म्हणाले. "मधे रविवार आहे. म्हणजे चौथ्या."

चौथ्या दिवशी चार माणसं जमली. शिडी दोरानं बाल्कनीतून खाली सोडायची आणि मग रस्त्यावरून पुन्हा दोरानं तिसऱ्या मजल्यावर चढवायची, असा बेत होता. सेक्रेटरी काका खाली उभे राहून सूचना देत होते. "डावीकडे! तुमची डावी नाही, माझी!" शिडी ज्याच्या-त्याच्या डावीकडे गेली आणि दवाखान्याच्या पाटीवर आदळली. त्या पाटीवर हातभर उंचीचा, पांढराशुभ्र, हसरा दात होता. तो तुटून खाली पडला.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी दात उचलला, सगळीकडून तपासला आणि शांतपणे म्हणाले, "मुळापासून गेलाय."

नोंदसाहेबांचं टक्कल लाल झालं. तेवढ्यात वरून शिवणमावशींनी डोकं काढलं. "काय चाललंय? शिडी नको आता! दिवा परवाच बसवला!"

"कसा?" नोंदसाहेबांनी ओरडून विचारलं.

"बसवला हो कसातरी!" मावशी म्हणाल्या आणि खिडकी लागली.

त्या 'कसातरी'ची नोंदसाहेबांनी चौकशी करायला हवी होती. पण तसा रकाना नमुन्यात नव्हता.

असे आठवडे गेले. सोळा अर्ज आले आणि सोळाही प्रलंबित राहिले, कारण तीन दिवस संपेपर्यंत माणसाची गरज तरी संपायची नाही तर उत्साह तरी. 'मंजूर'चा शिक्का कोरा करकरीत होता. अकराव्या शनिवारी मॅडमनी विचारलं, "काका, तुमच्याकडे दुसऱ्यांदा कोणी आलं का?"

"पहिल्यांदा आलेल्यांचीच प्रकरणं चालू आहेत."

वर्गात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आता लिहू नका. दारं वाजवा."

नोंदसाहेबांनी हेही लिहून घेतलं.

त्या आठवड्यात ते सोफ्यावर बसले की पाठीमागची चौकट त्यांना न बघताही दिसायची. बायकोनं एकदा तिच्यावरची धूळ पुसली.  अगदी हळुवारपणे पुसली, आणि तेच त्यांना जास्त लागलं. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांना जागा दिली, स्वतःचा एक कागद येत नाही म्हणजे काय!

शुक्रवारी संध्याकाळी घंटी वाजली. दारात एक अनोळखी गृहस्थ. समोरच्या रस्त्यावर नुकतंच घड्याळ दुरुस्तीचं दुकान निघालं होतं, त्याचे मालक.

"नमस्कार. जरा घेऊन जाऊ का? अर्ध्या तासात परत आणतो."

नोंदसाहेबांनी लगबगीनं अर्जाचा नमुना पुढे केला. "हा भरा."

घड्याळवाल्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "हे काय नवीन? मागच्या शुक्रवारी तर काही भरायचं नव्हतं."

"मागच्या शुक्रवारी?"

"हो. आज दुसऱ्यांदा येतोय ना मी."

मुलांनो, नोंदसाहेबांच्या कानात बँड वाजायला लागला. नातेवाईक नाही. शेजारी नाही. ऑफिसातला नाही. परका माणूस, आपणहून आणि दुसऱ्यांदा! त्यांनी दाराची चौकट धरली. "बसा, बसा! पाणी घ्या! कधी हवीय शिडी?"

"शिडी?" घड्याळवाले गोंधळले. "दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते. माझी खुर्ची चाकांची. तिच्यावर चढलो तर घड्याळ राहील, मी घरंगळेन. मला स्टूल हवंय. छोट्या बाई आहेत का घरात?"

आतून छोट्या बाई स्टूल घेऊन आल्या. "काका, खालच्या पायरीवर पाय नीट ठेवा हं. मागच्या वेळी चप्पल घालून चढलात."

"चुकलं, बाई," घड्याळवाले म्हणाले आणि स्टूल घेऊन गेले.

जिन्यात उभं राहून सगळं ऐकणारे सेक्रेटरी काका लगेच आत आले. "अभिनंदन! झालं की काम!"

"पण तो तर छटाककडे आला."

"घर एक, घंटी एक! बापलेकीत कसला हिशेब? 'आमच्याकडे ग्राहक दुसऱ्यांदा आला', एवढंच लिहा. खोटं आहे का यात काही?"

नोंदसाहेबांनी विचार केला. खोटं एक अक्षरही नव्हतं. त्यांनी तसं लिहिलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि रात्री त्यांना शांत झोप लागली नाही. कदाचित ते शिडीमुळेही असेल.

बाराव्या शनिवारी मॅडमनी त्यांचं नाव पुकारलं. टेबलावर प्रमाणपत्रांची चळत होती. नोंदसाहेबांनी कागद काढला, उलगडला, घसा साफ केला. 'आमच्याकडे' या पहिल्याच शब्दावर ते थांबले.

"काय झालं, काका?"

"मॅडम, बावीस वर्षांत मी एकही नोंद चुकीच्या नावावर केलेली नाही," नोंदसाहेब म्हणाले. "माणूस आला. दुसऱ्यांदा आला. पण तो माझ्याकडे आला नाही. माझ्या मुलीकडे आला. तिचं स्टूल न्यायला."

टक्कल लाल झालं, पण ते उभेच राहिले.

मॅडमनी चळतीवरचं प्रमाणपत्र बाजूला ठेवलं. "प्रमाणपत्र नाही देता येणार, काका."

"बरोबर आहे."

"आणि तिलाही नाही. अठरा वर्षं पूर्ण लागतात."

"तेही बरोबर आहे. नियम आहे."

"पण एक काम करा. तिला विचारा, तिनं काय केलं ते. तक्ता न देता."

घरी आल्यावर नोंदसाहेबांनी आधी सोफ्यावर चढून चौकट उतरवली आणि टेबलावर पालथी ठेवली. मग फाइल उघडून अर्ज क्रमांक एक काढला. पालकाच्या रकान्यात सही केली. 'मंजूर'चा शिक्का शाईच्या पेटीवर दाबला आणि हाक मारली, "छटाक, ये. तुझं फूल काढायला शिडी मंजूर."

छटाकनं दप्तरातून बॅडमिंटनचं फूल काढून दाखवलं. "ते मी कधीच काढलं. डॉक्टरकाकांनी खिडकीतून झाडूनं ढकललं."

"त्यांनी?"

"मी त्यांचा दात धरून उभी होते ना, ते चिकटवत होते तेव्हा. माझ्या स्टुलावर चढून."

नोंदसाहेबांनी शिक्का खाली ठेवला. शाई लागूनही तो मारायचा राहिलाच. मग त्यांनी विचारलं, "का गं, तुला कसं कळलं, लोकांना स्टूल हवंय ते?"

"मावशींना म्हटलं, हात वर करून दाखवा, किती कमी पडतंय. त्यांनी दाखवलं." छटाकनं अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर दाखवलं. "एवढंच. डॉक्टरकाकांचंही एवढंच. घड्याळवाल्या काकांचं तर याहून कमी."

"बारा फूट कोणालाच कमी पडत नव्हते?"

"नाही बाबा. कोणालाच नाही."

चौथ्या पायरीवर बसलेली बायको यावर हसली. बऱ्याच आठवड्यांनी हसली, त्यामुळे नोंदसाहेबांनी वेळ बघितली.

मग छटाक कामाला लागली. तिनं टेबलावरच्या पालथ्या चौकटीची पाठ उघडली आणि वहीचा एक कागद आत सरकवला. त्यावर रंगीत खडूनं लिहिलं होतं: 'स्टूल मिळेल. घंटी दोनदा वाजवा. अर्ज नको.' चौकट घेऊन ती दाराबाहेर गेली. दारावर जुना खिळा होता. तिनं टाचा उंचावल्या, हात ताणले. कमीच पडत होतं. स्टूल त्या वेळी शिवणमावशींकडे पंखा पुसायला गेलं होतं.

ती आत आली. बाबांच्या गठ्ठ्यातून तिनं अर्जाचा एक कोरा नमुना ओढला, टेबलाशी उभ्यानंच भरला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

नोंदसाहेबांनी चष्मा लावला. 'अर्जदार: छटाक. साधन: बाबांचे खांदे. मुदत: आत्ता.' त्यांनी सवयीनं कागद उलटूनही पाहिला. त्रुटी सापडली नाही. ते उठले, दारात गेले आणि भिंत धरून खाली बसले.

छटाकनं एका हातात चौकट घेतली, दुसऱ्या हातानं टेबलावरचा शिक्का उचलला आणि बापाच्या खांद्यावर चढली. नोंदसाहेब हळूहळू उभे राहिले. तिनं चौकट खिळ्यावर अडकवली, जराशी तिरकीच, मान मागे करून नीट न्याहाळली, आणि मग समोर असलेल्या गुळगुळीत टकलावर शिक्का दाबून मारला: मंजूर.